एकलहऱ्याच्या जागी ट्रकवरची भट्टी? नाशिकच्या उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
सातपूर, अंबड आणि सिन्नर औद्योगिक वसाहतींतील उद्योजक व त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

ट्रकच्या हौद्यावर मावणारी फ्यूजन भट्टी (अणुकेंद्रकं जोडून, म्हणजे संमीलनाने ऊर्जा काढणारी), शंभर मेगावॅट वीज, धूर नाही, राख नाही, आणि खाली मराठीत ओळ: ‘एकलहऱ्याला पर्याय आला’, म्हणजे आपल्या कोळशाच्या वीजकेंद्राला. ही चित्रफीत आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. ती पाहून काहींनी खास बैठक घ्यावी असं सुचवलं आहे. काहींनी तर थेट जागा आणि गुंतवणुकीची भाषा सुरू केली आहे. बैठक जरूर घ्या, पण त्याआधी हे पत्र वाचा, एवढीच विनंती. माझी सगळी नोकरी स्विचगिअरच्या, म्हणजे वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांच्या, चाचणी विभागात गेली. मोठे प्रवाह, निर्वात आणि तांबं यांच्याशी रोजचा संबंध आला. फ्यूजन हा नंतर लागलेला नाद. तेव्हा मी शास्त्रज्ञ म्हणून लिहीत नाही. ऑर्डर घेण्याआधी ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघायची सवय असलेला माणूस म्हणून लिहितो आहे.

आधी त्या ट्रकचंच बघू. ही कल्पना हवेतून आलेली नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या लॉकहीड मार्टिन या बलाढ्य विमान कंपनीने जाहीर केलं होतं, की ट्रकवर मावेल अशी शंभर मेगावॅटची फ्यूजन भट्टी ते बनवत आहेत आणि पाचेक वर्षांत नमुना तयार होईल. तो नमुना काही आला नाही. चित्रफितीतली चित्रं मात्र त्या काळापासून फिरत आहेत, दर दोन-तीन वर्षांनी नवा आवाज लावून.

त्यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. अडचण कुठे आहे ते साध्या मोजपट्टीने कळतं. आज गंभीरपणे उभारल्या जात असलेल्या बहुतेक भट्ट्या हायड्रोजनची दोन भावंडं जाळणार आहेत, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. त्यांचं संमीलन झालं की एक हेलियमचा कण आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. एकूण ऊर्जेतली ८० टक्के त्या न्यूट्रॉनकडे जाते, १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे कितीही ताकदीचं चुंबक लावा, तो अडत नाही. सरळ भिंतीत घुसतो. त्याला थांबवणं, त्याची उष्णता काढून घेणं, त्याच्याकडून लिथियमचं ट्रिटियम करून घेणं आणि मागच्या चुंबकांना त्याच्यापासून वाचवणं, ही सगळी कामं भट्टीभोवतीचं आच्छादन करतं. त्याची जाडी साधारण मीटरभर लागते. आणि ती ठरते न्यूट्रॉनच्या ऊर्जेवरून. यंत्र केवढं आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. यंत्र निम्मं केलं म्हणून आच्छादन अर्ध्या मीटरवर येत नाही.

आता ट्रकची रुंदी धरा अडीच मीटर. डावीकडे एक मीटर आच्छादन, उजवीकडे एक मीटर. मध्ये उरला अर्धा मीटर, आणि त्यात प्लाझ्मा, म्हणजे तापलेलं इंधन, बसवायचा. चुंबकं अजून लावलेलीच नाहीत, ती आच्छादनाच्या बाहेर येणार. ड्रॉइंग इथेच परत पाठवायला हवं.

मग ‘आटोपशीर भट्टी’ हे सगळं थोतांडच का? नाही. तिकडेच तर खरी गंमत आहे, पण त्यासाठी मोठी भट्टी मोठी का झाली हे आधी बघावं लागेल.

संमीलन घडायला इंधन साधारण १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. त्या तापमानाला तो वायू राहत नाही, विद्युतभारित कणांचा प्लाझ्मा होतो. भांड्याच्या भिंतीला तो टेकला तर भिंत खराब होण्याआधी प्लाझ्माच विझतो. म्हणून चुंबकीय क्षेत्राने त्याला अधांतरी, वड्याच्या आकारात फिरवत ठेवायचा. १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी काढलेल्या या रचनेला टोकामॅक म्हणतात. अडचण ही, की प्लाझ्मातली उष्णता सतत कडेने गळते. पातेल्यातलं दूध बराच वेळ गरम राहतं आणि वाटीतलं बघता बघता निवतं, तोच हिशेब. म्हणून चाळीस-पन्नास वर्षं सगळ्यांनी एकच रस्ता धरला: पातेलं मोठं करा.

इंग्लंडमधल्या कल्हॅमच्या ‘जेट’ या यंत्रात कड्याची त्रिज्या, म्हणजे कड्याच्या मध्यापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंतचं अंतर, सुमारे तीन मीटर होतं. १९९७ मध्ये त्यात २४ मेगावॅट उष्णता ओतून संमीलनातून १६ मेगावॅट निघाले. म्हणजे घातलं त्याच्या दोन तृतीयांश परत आलं. २०२३ च्या शेवटी बंद होण्याआधी त्याने एका फेरीत ६९ मेगाजूल ऊर्जा दिली, तीही ०.२ मिलिग्रॅम इंधनातून. फ्रान्समधल्या कादाराश इथे बांधकाम चालू असलेल्या ‘इटर’मध्ये हीच त्रिज्या ६.२ मीटर आहे आणि प्लाझ्माचं आकारमान सुमारे ८३० घनमीटर. ५० मेगावॅट घालून ५०० मेगावॅट काढायचे, हे त्याचं उद्दिष्ट. तेही उष्णतेच्या रूपात; इटर वीज बनवणारच नाही.

मोठं पातेलं म्हणजे मोठं बिल आणि मोठा उशीर. २००६ मध्ये करारावर सह्या झाल्या तेव्हा पहिला प्लाझ्मा २०१६ ला म्हणत होते. मग २०२५ म्हणू लागले. २०२४ मध्ये नवा आराखडा आला, त्यानुसार प्रयोगांची सुरुवात २०३४ मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियमची फेरी २०३९ मध्ये. नाशिकमध्ये आपण उड्डाणपुलांच्या तारखांवर विनोद करतो. इथे तर सात भागीदार आहेत आणि त्यांतला एक म्हणजे अख्खा युरोपीय संघ.

आता आटोपशीर भट्टीवाल्यांचा डाव. दिलेल्या आकारमानातून किती संमीलन-शक्ती निघेल, हे चुंबकीय क्षेत्राच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं, बाकीची परिस्थिती सारखी ठेवली तर. क्षेत्र दुप्पट केलं की शक्ती सोळापट. इटरमध्ये प्लाझ्माच्या मध्यावर क्षेत्र आहे ५.३ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप). अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्स इथे कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी ‘स्पार्क’ नावाचं यंत्र उभारते आहे, त्यात १२.२ टेस्ला. गुणोत्तर २.३. त्याचा चौथा घात २८. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे कागदावर २८ पट शक्ती. म्हणून स्पार्कला १.८५ मीटर त्रिज्या पुरते, आणि प्लाझ्मा सुमारे २० घनमीटर. इटरच्या चाळिसाव्या भागाइतका.

ही बेरीज-वजाबाकी इटरवाल्यांना येत नव्हती असं नाही. इटरचा आराखडा ठरला तेव्हा हातात जी अतिवाहक, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहून नेणारी, तार होती ती नायोबियम-टिनची. ती द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवावी लागते आणि क्षेत्र फार वाढवलं की तिचं अतिवाहकपण जातं. ९० केल्विनच्या (उणे १८३ अंशांच्या) वर अतिवाहक राहणारा यिट्रियम-बेरियम-तांब्याचा ऑक्साइड १९८७ मध्येच सापडला होता, पण तो मडक्यासारखा ठिसूळ. त्याची किलोमीटरच्या किलोमीटर लांब, भरवशाची पट्टी बनवायला पुढची पंचवीस-तीस वर्षं गेली. आज ती मिळते: चार मिलिमीटर रुंद, कागदासारखी पातळ, आणि तिच्यातला खरा अतिवाहक थर मायक्रॉनभर जाडीचा. ५ सप्टेंबर २०२१ रोजी एमआयटी हे अमेरिकी विद्यापीठ आणि वरील कंपनी यांनी मिळून अशा सुमारे २६७ किलोमीटर पट्टीच्या एका मोठ्या चुंबकात २० टेस्ला क्षेत्र निर्माण केलं, उणे २५३ अंशांवर. या क्षेत्रातली माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची तारीख तीच. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या लेसर प्रयोगात २.०५ मेगाजूल घालून ३.१५ मेगाजूल निघाले, त्याच्या बातम्या जास्त झाल्या. पण ते लेसर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाजूल ओढले होते, हे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात होतं किंवा नव्हतंच.

तेव्हा आटोपशीर भट्टी म्हणजे ट्रकवरची पेटी नव्हे. २०१५ मध्ये एमआयटीच्या गटाने वीज देणाऱ्या ‘आर्क’ या भट्टीचा आराखडा मांडला, त्यात त्रिज्या ३.३ मीटर, क्षेत्र ९.२ टेस्ला, संमीलन-शक्ती ५०० मेगावॅटच्या थोडी वर आणि निव्वळ वीज सुमारे २०० मेगावॅट. म्हणजे आकाराने ती जुन्या जेटच्या जवळपास. जेट एका मोठ्या हॉलमध्ये उभं होतं. इटरपुढे हे खरंच लहान आहे; अंबडच्या एखाद्या मोठ्या शेडपुढे नाही.

आणि जी अडचण आकारात होती ती गेली कुठे? ती चुंबकात, पोलादात आणि भिंतीवर येऊन बसली. हा भाग आपल्या कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२० टेस्लाचं क्षेत्र आपल्याच कॉइलला बाहेर ढकलतं. हा चुंबकीय दाब सुमारे १,६०० वातावरणांइतका होतो. अतिवाहक पट्टी हे सहन करत नाही. तिला धरून ठेवतं ते पोलाद. उच्च-क्षेत्राच्या चुंबकाचा छेद पाहिलात तर त्यात अतिवाहक औषधापुरता दिसेल, बाकी सगळं जाड पोलादी ताटं आणि त्यात कोरलेल्या खोबणी. उणे २५० अंशांवर चिवट राहणारं पोलाद, त्याचं यंत्रण, त्याचं वेल्डिंग.

दुसरी गोष्ट क्वेंच. कुठल्या तरी कारणाने कॉइलच्या एका जागी अतिवाहकपण गेलं, की तिथे रोध तयार होतो, ती जागा तापते आणि चुंबकात साठलेली सगळी ऊर्जा तिथे उतरायला बघते. इटरच्या चुंबकांत एकूण ५१ गिगाजूल साठणार आहेत. नायोबियम-टिनमध्ये क्वेंच वेगाने पसरतो, त्यामुळे व्होल्टेज लगेच वाढतं आणि उपकरणांना चाहूल लागते. नव्या पट्टीत तो सावकाश पसरतो. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात वाईट, कारण चाहूल लागेपर्यंत तेवढी एकच जागा जळून जाते. २०२१ च्या त्याच चुंबकावर शेवटी मुद्दाम क्वेंच घडवून पाहिला तेव्हा त्याचा एक कोपरा खराब झाला, आणि त्यांनी तो अहवालात छापला. चाचणी विभागातल्या माणसाला अशा कंपनीबद्दल आदर वाटतो.

ऊर्जा बाहेर काढायची तर हजारो अँपिअरचा डीसी प्रवाह तोडावा लागतो. इटरच्या मुख्य कॉइलमधून ६८ हजार अँपिअर जातात. आपल्यातल्या स्विचगिअरवाल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: एसी प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो आणि ब्रेकर तेवढ्यात संपर्कांमधली विजेची ठिणगी विझवून घेतो. डीसीला असं शून्य नसतं. ते कृत्रिमरीत्या आणावं लागतं, आणि तेही जमलं नाही तर स्फोटकाने वाहक तोडणारा शेवटचा ब्रेकर ठेवतात. इटरमध्ये असे ब्रेकर आहेत. जगात हे काम जाणणारे हात थोडे आहेत, आणि त्यांतले काही माझ्या माहितीत गंगापूर रोडवर संध्याकाळी फिरायला येतात.

तिसरी गोष्ट भिंत. प्लाझ्माच्या कडेने गळलेली उष्णता आणि हेलियमची राख खाली डायव्हर्टर नावाच्या भागावर येऊन आदळते. इटरमध्ये तिथे टंगस्टनच्या विटा आहेत आणि त्यांच्यावर चौरस मीटरला १० मेगावॅट सतत पडतील असं गृहीत धरलं आहे. बॉयलरच्या नळीवर याचा विसावा भागही पडत नाही. सूर्याच्या पृष्ठभागावरून तेवढ्याच जागेतून निघतात सुमारे ६३ मेगावॅट. आटोपशीर यंत्रात तेवढीच शक्ती कमी पृष्ठभागावर, आणि क्षेत्र जोरदार असल्याने आणखी अरुंद पट्ट्यावर पडते. उपाय सुचवलेले आहेत. कडेला निऑनसारखा वायू सोडून उष्णता प्रकाशरूपाने पसरवायची, प्लाझ्माचं टोक लांबवायचं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या यंत्रात हे अजून कुणी करून दाखवलेलं नाही.

यातूनच देखभालीचा प्रश्न येतो, आणि कारखानदाराला खरा प्रश्न हाच पडायला हवा. न्यूट्रॉनच्या माऱ्याने आतलं पात्र ठिसूळ होत जातं. लहान यंत्रात मारा दाट, म्हणून पात्र लवकर बदलावं लागणार. आर्कच्या आराखड्यात यासाठी एक देखणी युक्ती आहे: चुंबकाच्या कॉइल सांध्यावर उघडायच्या, आतलं पात्र सगळंच्या सगळं वर उचलून नवं ठेवायचं, आणि आच्छादन म्हणून वितळलेलं लिथियम-बेरिलियम क्षार वापरायचं, म्हणजे ते ओतून काढता येतं. कागदावर मला ही युक्ती इटरच्या शेकडो वजनदार फरशा यंत्रमानवाने एकेक बदलण्यापेक्षा फार आवडते. पण किरणोत्सारी पात्र वर्ष-दोन वर्षांनी बदलायला भट्टी किती महिने बंद राहणार, यावर युनिटचा दर ठरेल. चुंबकाच्या टेस्लावर नव्हे.

ट्रिटियमबद्दल थोडक्यात. ते निसर्गात जवळपास नसतंच, आणि साडेबारा वर्षांच्या आत त्यातलं निम्मं आपोआप नाहीसं होतं. जगातला नागरी साठा पंचवीस-तीस किलोच्या घरात आहे, बराचसा कॅनडातल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतून आलेला. १,००० मेगावॅट संमीलन-शक्तीची एक भट्टी वर्षभर चालवायला सुमारे ५६ किलो लागतं. म्हणजे प्रत्येक भट्टीने आपलं ट्रिटियम आपल्या आच्छादनात पिकवलंच पाहिजे, जळतं त्यापेक्षा थोडं जास्त. हे पूर्ण प्रमाणात अजून कुठेही झालेलं नाही, मोठ्या यंत्रात नाही आणि छोट्यातही नाही. शिवाय लहान कड्याच्या आतल्या बाजूला आच्छादनाला जागाच कमी उरते. इंग्लंडमधल्या गोलाकार टोकामॅकवाल्यांची ही कायमची डोकेदुखी आहे: मधला खांब इतका बारीक, की त्यात चुंबक ठेवायचं की संरक्षण, हा वाद.

टोकामॅक सोडून दुसऱ्या वाटांनी जाणारेही आहेत. हेलियन ही अमेरिकी कंपनी प्लाझ्माची दोन कडी एकमेकांवर आदळून दाबते आणि ऊर्जा थेट विजेच्या रूपात काढायची म्हणते. २०२३ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टला २०२८ पासून वीज द्यायचा करार केला. धाडस मोठं आहे. पण वीज दिसेपर्यंत मी त्यावर एक ओळही जास्त लिहिणार नाही.

आता नाशिककडे येतो. पहिला गोंधळ हा, की आपल्या गटांवर दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्या आहेत. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटींची तरतूद आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी भट्ट्या, अशी घोषणा आहे. त्या भट्ट्या विखंडनाच्या, म्हणजे तारापूरच्या जातकुळीतल्या, युरेनियम फोडणाऱ्या. त्यांचं इंधन, त्यांचा कचरा, त्यांचे सुरक्षा-नियम वेगळे. फ्यूजनमध्ये साखळी-क्रिया नसते, पात्रात एका वेळी ग्रॅमभर इंधनही नसतं, काही बिघडलं तर प्लाझ्मा विझतो. पण ट्रिटियम सांभाळावं लागतं आणि आतलं पोलाद किरणोत्सारी होतं. ‘कचरा नाही’ हे चित्रफितीतलं वाक्य खोटं आहे. ‘हजारो वर्षांचा कचरा नाही’ म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

दुसरी गोष्ट एकलहऱ्याची. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, चार दशकांहून जुने. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच हवा ही मागणी किती जुनी आहे ते आपण जाणताच. फ्यूजनच्या आशेवर तो निर्णय, किंवा त्याऐवजी सौर आणि बॅटरीचा निर्णय, आणखी लांबवायला कुणी निमित्त शोधत असेल तर त्याला ते देऊ नका. आर्क भट्टी कॉमनवेल्थ फ्यूजन कंपनीच्या म्हणण्याप्रमाणेच झाली तरी २०३० च्या दशकाची गोष्ट आहे, आणि ती पहिली अमेरिकेत व्हर्जिनियात. त्याआधीच्या स्पार्कचीही तारीख २०२५ वरून २०२७ वर गेली आहे. तारखा चुकवण्यात छोटे आणि मोठे दोघेही सारखेच.

तरीही एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. ब्रिटनने आपल्या नमुना फ्यूजन वीजकेंद्रासाठी, ‘स्टेप’साठी, ऑक्टोबर २०२२ मध्ये जी जागा निवडली ती नॉटिंगहॅमशायरमधल्या वेस्ट बर्टनची, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्राची. उच्चदाबाच्या वाहिन्या, नदीचं पाणी आणि यंत्र जाणणारी माणसं तिथे आधीपासून होती. उद्दिष्ट २०४० चं. एकलहऱ्यातही हे सगळं आहे. पण पाण्याचा हिशेब विसरू नका. चुंबकं कितीही सुधारली तरी शेवटी वाफ, टर्बाइन आणि कंडेन्सर तेच. ५०० मेगावॅट उष्णतेतून २०० वीज निघाली की उरलेले ३०० कूलिंग टॉवरमधूनच जाणार. भट्टी आटोपशीर होते, टॉवर होत नाही. गंगापूर धरणातून जायकवाडीला किती सोडायचं यावर दर ऑक्टोबरात आपण भांडतो, तेव्हा हे आधीच कळलेलं बरं.

तेव्हा माझं म्हणणं असं. भट्टी नाशिकला आणायच्या गप्पा बाजूला ठेवा. भट्टीचे भाग नाशिकहून जाऊ शकतात का, ते बघा. आणि इथे आटोपशीर यंत्रांचा मार्ग आपल्याला मोठ्या यंत्रापेक्षा जास्त सोयीचा आहे. इटरचा क्रायोस्टॅट, सुमारे ३,८५० टन वजनाचं आणि तीस मीटरच्या आसपास उंचीचं निर्वात पात्र, गुजरातेत हजिऱ्याला समुद्राच्या काठी लार्सन अँड टुब्रोने बनवलं. त्याचा १,२५० टनांचा तळ मे २०२० मध्ये फ्रान्सच्या खड्ड्यात उतरला. असली कामं सिन्नरला होणार नाहीत, कसारा घाटातून ती उतरणारच नाहीत. पण त्याच इटरच्या निर्वात पात्राच्या दोन भिंतींमध्ये बसणारे बोरॉनयुक्त पोलादाचे हजारो ठोकळे बंगळुरूत बनले. ते यंत्रणाचं काम आहे, आणि आपल्याकडे ओझरच्या विमान कारखान्यामुळे टायटॅनियम, मायक्रॉन आणि कागदपत्रं या तिन्हींची सवय असलेले पुरवठादार आहेत. तीन मीटरच्या यंत्राचे भाग ट्रेलरवर मावतात. ट्रकचा खरा उपयोग तो.

यासाठी काय हवं ते सांगतो. गांधीनगरजवळच्या भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथे आदित्य हा टोकामॅक १९८९ पासून आहे, अतिवाहक चुंबकांचा एसएसटी-१ आहे, आणि इटरमधला भारताचा वाटा तिथूनच हाताळला जातो. त्यांच्या निविदा उघड असतात. त्या वाचल्या की कळतं, आपल्या लहान कारखान्यांची गाडी कुठे अडते: वेल्डचं रेडिओग्राफ आणि हेलियम लीक टेस्ट. निर्वात पात्राच्या एका सांध्यातून हेलियमचा अगदी नगण्य प्रवाह जरी आत आला तरी ते नापास. हे मोजायचं यंत्र, स्वच्छ खोली आणि ते चालवणारी प्रशिक्षित माणसं एकेका लघुउद्योजकाला परवडत नाहीत. संघटनांनी मिळून ती सामायिक सोय उभारावी. फ्यूजन आणखी तीस वर्षं लांबलं तरी ती पडून राहणार नाही. औषध कारखाने, क्रायोजेनिक टाक्या, अंतराळ संस्थेची कामं आणि आपलेच व्हॅक्यूम ब्रेकर या सगळ्यांना तीच चाचणी लागते. बैठकीत ठराव करायचा असेल तर याचा करा.

आणि उद्या कोणी सुटाबुटात येऊन छोट्या फ्यूजन भट्टीसाठी जागा, ठेव किंवा भागभांडवल मागू लागला, तर त्याला चहा द्या आणि विचारा, तुमच्या चुंबकाची पूर्ण आकारात चाचणी कुठे झाली, किती टेस्ला, किती वेळ. आच्छादनाची जाडी किती. ट्रिटियम कुठून आणणार. पात्र किती दिवसांनी बदलणार आणि तेवढे दिवस आमच्या फीडरचं काय. आणि जे मेगावॅट सांगताय ते प्लाझ्मातले की मीटरवरचे. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं तर मला फोन करा, मी स्वतः यायला तयार आहे.

गांधीनगरला एक गट न्यावा असंही सुचवतो. संस्थेला रीतसर पत्र लिहून भेटीची वेळ घ्यावी, आणि सोबत मालकांपेक्षा वेल्डिंग व क्वालिटीची माणसं न्यावीत. प्रश्न त्यांनाच पडतील. निविदांमधली निर्वात-चाचणीची अटी-पत्रकं मराठीत सोपी करून द्यायचं काम मी आनंदाने करीन. बैठक शक्यतो अंबडला ठेवा, सातपूरला संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपला,
निवृत्त विद्युत अभियंता, नाशिक